'स्लॅक'ला तुमच्या कामात मराठीत काय म्हणता?

पाटीवाला

मंडळी, एक शब्द गेले तीन आठवडे डोक्यात घर करून बसलाय म्हणून धागा काढतोय. मी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात सेफ्टीला आहे. इंग्रजीत आलेल्या सूचना मराठीत करून बोर्ड लावायचे हे काम आता माझ्याकडे आलंय, आधी ते बाहेरून करून घेतलेलं होतं. तर आमच्या क्रेनखाली एक जुना बोर्ड आहे. मूळ इंग्रजी सूचनेचा अर्थ असा की माल उचलायच्या आधी साखळीतला स्लॅक, म्हणजे लोंबणारा सैल भाग, हळूहळू काढून घ्या, थांबा, तपासा आणि मग उचला. मराठी बोर्डवर काय लिहिलंय, तर "ढिलाई दूर करून भार सावकाश उचलावा."

हे वाचून तुम्हाला काय कळतं सांगा. मला तरी एवढंच कळतं की आळस करू नका, काम नीट करा. गेल्या महिन्यात एक नवीन पोरगा, जेमतेम विशीचा, हुक अडकवून साखळी हातात धरूनच उभा राहिला, वरून ऑपरेटरने बटण दाबलं, लोंबणारी साखळी झटक्यात ताठ झाली आणि त्याचं बोट साखळी आणि मालाच्या मधे सापडलं. नख गेलं, टोकाचं हाड मोडलं, हातात जाड ग्लोव्ह होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. दवाखान्यात मी त्याला विचारलं, बोर्ड वाचला होतास का रे. म्हणाला, "वाचला की सर. पण मी कुठं ढिलाई केली?"

हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. पोरगं खरं बोलत होतं, त्याने ढिलाई केलीच नव्हती, उलट साखळी घसरू नये म्हणून तो धरून उभा होता.

आता बोर्ड बदलायचाय. डिक्शनरीत सैलपणा, ढिलाई, शिथिलता, मंदी, हलगर्जीपणा असं सगळं एका ओळीत दिलंय, त्यातलं कुठलं कुठे लावायचं ते काही दिलेलं नाही. तुमच्या तुमच्या कामात हा स्लॅक कुठे येतो आणि तुम्ही तोंडाने काय म्हणता ते सांगा. पुस्तकातला शब्द नको, बोलतात तो हवाय.

टीप_आणि_उलटी_टीप

मी २२ वर्षं शिवणकाम करतेय, आमच्यात याला दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्हींची गल्लत केली की कपडा गेला म्हणून समजा. अंगाच्या मापापेक्षा जास्त धरतो ते लूजिंग. छाती ३६ असेल तर कुर्ता काही ३६ चा बेतत नाही, हात वर करायला, बसायला, श्वास घ्यायला तीन-चार इंच लूजिंग धरावंच लागतं. आणि शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतो ती माया. "माया सोडलीय ना गं?" हे प्रत्येक बाई ब्लाउज टाकताना विचारते. बाळंतपणानंतर, लग्नानंतर, आजारपणानंतर अंग बदलतं, तेव्हा आतली टीप उसवायची आणि मायेतून अर्धा इंच, एक इंच काढून द्यायचं. गेल्याच आठवड्यात एक बाई सासूबाईंचा ब्लाउज घेऊन आल्या होत्या, तिसरी पिढी नेसणार ती साडी, मी बगलेतली शिवण उघडली तर आत सव्वा इंच कापड अगदी नव्यासारखं, बाहेरचा रंग उडालेला आणि आतला तसाच्या तसा गडद. ज्या कुणी शिंप्याने तो शिवला त्याने चाळीसेक वर्षांपूर्वी या बाईंसाठी जागा ठेवली होती.

म्हणून म्हणते, मुद्दाम राखलेल्या स्लॅकला आपल्याकडे माया म्हणतात. यापेक्षा चांगला शब्द मला माहीत नाही.

पाटीवाला

ताई, माया! आई हा शब्द रोज वापरायची आणि मला आठवला नाही. पण साखळीला माया म्हणता येणार नाही, कारण ती कुणी मुद्दाम सोडलेली नाही, आपोआप लोंबतेय. म्हणजे निदान दोन जाती झाल्या, राखलेला स्लॅक आणि पडलेला स्लॅक.

पोलवरचा

पडलेल्याला झोल म्हणतात. आम्ही लाइनवर काम करणारी माणसं, आमचा अर्धा जन्म झोल बघण्यात गेला.

पण एक सांगतो, झोल म्हणजे सगळा दोषच असं नाही. दोन पोलच्या मधे तार एकदम ताठ ओढून बांधली तर थंडीत ती आकसते आणि तुटते किंवा पोल वाकवते. म्हणून ओढतानाच हिशोबाने झोल ठेवावा लागतो आणि तो कुठल्या महिन्यात ओढताय त्यावर असतो, जानेवारीत ओढली तर मे महिन्यात अजून खाली येणार हे धरूनच ओढायची. लोकांना वाटतं केवढी तार सैल सोडलीय, पण ५० मीटरचा स्पॅन असेल आणि तार सरळ रेषेपेक्षा फक्त सव्वा-दीड सेंटिमीटर लांब असेल तरी मधोमध अर्धा मीटर झोल दिसतो. एवढीशी लांबी आणि एवढा झोल. मग उन्हाळ्यात गरम होऊन आणखी दोन-अडीच सेंटिमीटर वाढली की तोच झोल पाऊण मीटरच्या पुढे जातो.

आणि जो झोल कुणी ठेवलेला नसतो, पोल कलला, ताण तार गंजली म्हणून पडत जातो, तो वाईट. ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर पाचट वाळलेलं असतं, वारा सुटला की झोल पडलेल्या दोन तारा एकमेकींवर घासतात, ठिणगी खाली पडते आणि एकरच्या एकर ऊस बघता बघता जळतो. मी असा फड जळताना उभा राहून बघितलाय, शेतकरी काही बोलत नव्हता, नुसता तारांकडे बघत होता. दोन तारांच्या मधे स्पेसर टाकायला पाच मिनिटं लागतात हो.

नागपुरी_वळण

पण झोल म्हणजे घोटाळा पण ना. "टेंडरमधे झोल आहे." क्रेनखाली "साखळीतला झोल काढा" लिहिलं तर लोक म्हणतील साखळीच्या खरेदीत काहीतरी आहे.

पोलवरचा

क्रेनखाली उभ्या माणसाच्या डोक्यात खरेदी येत नाही दादा, समोर साखळी लोंबतेय ती दिसते. आणि घोटाळ्याचा अर्थ तरी कुठून आला असावा? कापड नीट ताणलेलं नसलं की त्याच्या घडीत काहीबाही लपतं. मला तरी दोन्ही अर्थ एकाच घरातले वाटतात.

अक्षरओळख

इंग्रजीकडून थोडं सांगतो, पाटीवाल्यांच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, हजार वर्षांहून जुना, आणि आधी तो माणसांसाठीच होता, आळशी, निष्काळजी, कामात कुचराई करणारा अशा अर्थी. दोर सैल आहे, ताणलेला नाही हा अर्थ नंतरचा, साधारण १३०० च्या आसपास लिखाणात दिसतो. लॅटिनमधला लॅक्सस, ज्यावरून इंग्रजीत लॅक्स आणि रिलॅक्स आले, तो याचा लांबचा भाऊ. म्हणजे तुमच्या बोर्डवाल्याने डिक्शनरीतून जुना अर्थ उचलला, माणसाचा. त्याला दोराचा हवा होता.

अजून एक मला फार आवडलेली गोष्ट. तहान भागवणे याला इंग्रजीत स्लेक म्हणतात, तोही याच कुळातला, जोर कमी करणे, शांत करणे असा त्याचा प्रवास. आणि त्यावरूनच स्लेक्ड लाइम, म्हणजे आपला विरी गेलेला चुना! चुनकळीवर पाणी टाकलं की ती फसफसते, वाफ निघते, भांडं हात लावू देत नाही इतकं तापतं आणि मग सगळं निवून मऊ पांढरा लगदा होतो. चुन्याची तहान भागली, चुना सैलावला. तंबाखूच्या डबीतला आणि पानावरचा चुना असा स्लॅकचा नातेवाईक निघतो.

पण सगळेच स्लॅक एका आईचे नाहीत. कोळशाच्या बारीक चुऱ्याला स्लॅक कोल म्हणतात, वीटभट्टीवाल्यांना माहीत असेल, तो शब्द वेगळ्या मुळाचा आहे. समुद्रकाठी वाळूच्या टेकड्यांमधल्या ओलसर खोलगट जागेलाही स्लॅक म्हणतात, तो आणखी तिसरा, उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला. आणि ढगळ पँटीला स्लॅक्स म्हणतात तो मात्र सैलवाला.

आंबा_घाट_उतार

ट्रकवाल्यांचा स्लॅक कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. एअर ब्रेकच्या गाडीला प्रत्येक चाकामागे स्लॅक ॲडजस्टर असतो. हवेने दांडा पुढे ढकलला जातो, तो ॲडजस्टरला फिरवतो, त्याने आतला कॅम फिरतो आणि लायनर ड्रमला घासतो. लायनर झिजत जातो तसं मधलं अंतर वाढतं, मग दांड्याला जास्त लांब जावं लागतं. सपाटीवर काही कळत नाही, गाडी थांबते. पण घाटात उतरताना ड्रम तापतो, तापला की फुगतो, अंतर अजून वाढतं, आणि दांड्याला जायला जेवढी जागा आहे ती संपली की तुम्ही पेडलवर उभे राहिलात तरी ब्रेक नाही. हवा फुल, पेडल बरोबर, सगळं बरोबर, आणि गाडी सुटलेली.

आमचे उस्ताद घाट उतरायच्या आधी वर गाडी लावायचे, चाकांना दगड, आणि पाना घेऊन खाली जायचे. बोल्ट पूर्ण टाईट करायचा आणि मग अर्धा फेरा मागे. तो अर्धा फेरा विसरलात तर लायनर घासत राहतो, ड्रम लाल होतो, तेही धोक्याचंच. त्या अर्ध्या फेऱ्याला ते "मोकळं सोडणे" म्हणायचे. "टाईट कर, मग जरा मोकळं सोड, चाकाला पण श्वास पाहिजे." आताच्या गाड्यांना ऑटोमॅटिक येतात, तरी मी चाकाखाली जाऊन बघतोच.

निळा_हिरवा_झेंडा

मालगाडीवर आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. गाडीतला स्लॅक म्हणजे दोन डब्यांच्या जोडात असलेली थोडी सैल जागा. एका जोडात थोडीच, पण ५८ वॅगनचा रेक असला की सगळ्या जोडांची मिळून चांगलीच होते. नवीन माणसाला वाटतं हा दोष. पण थांबलेली भरलेली गाडी हलवायला हाच स्लॅक कामी येतो, इंजिन आधी पहिला डबा हलवतं, मग दुसरा, मग तिसरा, सगळ्या गाडीचं वजन एकदम अंगावर येत नाही. रात्री यार्डात उभं राहिलात तर ऐकू येतं, इंजिनपासून खडाक्-खडाक्-खडाक् असा आवाज मागे मागे पळत जातो आणि गार्डाच्या डब्याला शेवटी हिसका बसतो. आम्ही गार्ड लोक तो आवाज जवळ आला की दांडा धरायचो, न धरणाऱ्याचं डोकं आपटलंच.

पण तोच स्लॅक घाईने ओढला तर कपलर तुटून गाडीचे दोन तुकडे होतात. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना घाट ३७ ला १ चा आहे, म्हणजे ३७ मीटर जा आणि १ मीटर चढ, तिथे मागून बँकर इंजिनं लावतात. पुढचं ओढतंय, मागची ढकलतायत, मधे कुठेतरी डबे एकमेकांवर दाबलेले आणि कुठेतरी ताणलेले, ही सगळी गाडी अंगाने ओळखावी लागते.

आम्ही काय म्हणायचो ते विचाराल तर सरळ "स्लॅक घे" म्हणायचो, मराठी शब्द नव्हता. पण जुने एक ड्रायव्हर होते, ते शिकाऊ पोराला सांगायचे, "आधी गाडी ताणात आण, मग ओढ." ताणात आणणे. पाटीवाले, हे तुमच्या साखळीला लागू पडतं का बघा.

पाटीवाला

काका, "ताणात आणा" हे लिहून ठेवलंय. एकदम जवळचं आहे.

रांगेतला_गणिती

कॉलेजला शिकवतो म्हणून माझ्याकडचा स्लॅक कागदावरचा. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगने, हाताशी असलेल्या साधनांतून जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा याची, सिम्प्लेक्स पद्धत मांडली त्यात स्लॅक व्हेरिएबल येतो. समजा सुताराकडे आठवड्याला ४० तास आहेत आणि खुर्च्या-टेबलं करायला तो ३४ वापरतो, तर "४० पेक्षा जास्त नको" ही अट "३४ अधिक ६ बरोबर ४०" अशी लिहायची. ते ६ म्हणजे स्लॅक. मी वर्गात "शिल्लक" म्हणतो, मुलांना लगेच कळतं. गंमतीचा भाग पुढे आहे: ज्या अटीत शिल्लक उरते तिथे आणखी साधन आणून दिलं तर फायदा एक पैशानेही वाढत नाही. सुताराला ४१ वा तास फुकट दिला तरी उपयोग नाही, आणि लाकूड जर शून्य शिल्लक असेल तर एक फळी जास्त मिळाली तरी फरक पडतो. कुठे अडलंय हे शोधायचं असेल तर शिल्लक शून्य कुठे आहे ते बघा, असं मी सांगतो.

प्रोजेक्टच्या वेळापत्रकातही हाच. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट पद्धत आली, त्यात एखादं काम किती दिवस उशिरा झालं तरी शेवटची तारीख ढळत नाही, त्याला स्लॅक म्हणतात. आणि ज्या कामांच्या साखळीत तो शून्य तीच क्रिटिकल पाथ. वीजवाल्यांच्या लोड फ्लोमधे, म्हणजे कुठल्या तारेतून किती वीज जाते त्या हिशोबात, स्लॅक बस असतो, तारांमधे नेमकी किती वीज वाया जाणार हे गणित सुटेपर्यंत कळत नाही म्हणून एक केंद्र असं धरतात की राहिलेला सगळा फरक ते सोसेल. घरातली थोरली बहीण असते तसं.

रात्रपाळी

गणिती सर, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी सिस्टर आहे, वॉर्ड इनचार्ज. आमच्याकडे वरून येणारे लोक नेहमी विचारतात की खाटा रिकाम्या का, माणसं मोकळी का दिसतात. मला रांगेचं गणित एका डॉक्टरांनी समजावलं होतं, ते तुम्ही तपासून सांगा, की पेशंट वाटेल तेव्हा येत असतील तर एक काउंटर ८० टक्के वेळ कामात असेल तेव्हा जेवढी वाट बघावी लागते, त्याच्या दुपटीहून जास्त ९० टक्क्यांना लागते आणि ९५ टक्क्यांना जवळजवळ पाचपट. काम ८० वरून ९५ टक्क्यांवर गेलं आणि वाट बघणं जवळजवळ पाचपट.

हे मी रोज डोळ्यांनी बघते. सगळ्या खाटा भरलेल्या असतात त्या रात्री एक अपघाताची केस आली की स्ट्रेचर कॉरिडॉरमधे. ती एक रिकामी खाट कुणाला आळस वाटते, पण ती ज्याला मिळते त्याच्यासाठी तीच सगळं काही असते. वरती ताईंनी माया म्हटलंय ना, मला ते वाचून भरून आलं. वॉर्डात पण माया सोडायला पाहिजे.

रांगेतला_गणिती

सिस्टर, गणित बरोबर आहे. एक काउंटर, येणारे आपल्या मर्जीने येणारे, असं धरलं तर वाट ४, ९ आणि १९ या प्रमाणात वाढते. तुमचं वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे.

पासबुक

बँकेतून रिटायर झालो. आमच्या वेळी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वर्षातून दोनदा यायचं, एक स्लॅक सीझनचं आणि एक बिझी सीझनचं. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल बिझी, कारण खरीप हाती आलेलं असतं, कापूस, भात, गूळ, साखर सगळी खरेदी त्याच वेळी, व्यापाऱ्यांची आणि कारखान्यांची कर्जं वाढायची. मे ते ऑक्टोबर स्लॅक, पैसा परत यायचा.

पण मी विदर्भात शाखेला होतो तेव्हा मला हा शब्द खटकायचा. आमच्या कागदावर स्लॅक सीझन लिहिलेला असायचा तोच मृगाचा महिना, शेतकऱ्याची बियाणं, खत, मजुरी सगळी एकदम अंगावर आलेली, दारात रांग. व्यापाऱ्याच्या कर्जाची मंदी आणि शेतकऱ्याची सगळ्यात मोठी गडबड एकाच तारखांना. स्लॅक कुणाच्या बाजूने बघून म्हणताय हे विचारायला हवं.

कोडवाली

मुलांना विचाराल तर स्लॅक म्हणजे फक्त ऑफिसचं चॅट ॲप. त्याचा जन्म पण सांगते. टायनी स्पेक नावाची कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती, तो २०१२ मध्ये बंद पडला, पण टीमने आपापसात बोलायला जे टूल केलं होतं तेच २०१३ मध्ये दाखवलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. नावाची फोड पण दिलेली आहे, सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज. पुढे २०२१ मध्ये सेल्सफोर्सने साडेसत्तावीस अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतलं. मला मात्र हे नाव ऐकलं की रात्री साडेअकराला वाजलेली टिंग आठवते, मुलगा झोपवताना. मी हल्ली नऊला नोटिफिकेशन बंद करते आणि स्टेटसला तसं लिहिते.

येवल्याचा_मांजा

ढील राहिली ना राव! संक्रांतीला आमच्या येवल्यात तीन दिवस गच्चीवर, मांजाची आसारी (फिरकी) हातात, आणि पेच लागला की दोनच पर्याय, खेच नाहीतर ढील. ढील देणं म्हणजे सोडून देणं नाही, आसारी सुटू द्यायची पण बोटाला दोरा कळत राहिला पाहिजे. बोटाला कळायचं बंद झालं की पतंग गेला. आई पण म्हणायची, पोराला जास्त ढील देऊ नको. तिथे पण तोच अर्थ, दोर हातात ठेवून सैल सोडणे.

बायाँ

आमच्यात उतरणे. तबला उतरला, ढोल उतरला. पावसाळ्यात हवेत ओल आली की चामडं सैलावतं, वादी ढिली पडते आणि सूर खाली येतो. मग वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने खाली ठोकून तबला चढवायचा. गणपतीत ढोलवाली पोरं पावसात भिजलेला ढोल घेऊन कडेला थांबून दोऱ्या ओढताना दिसतात ते हेच.

खाडीकाठ

मी मर्चंट नेव्हीत होतो, मूळचा दाभोळ खाडीचा. बंदरात जहाज बांधलेलं असतं तेव्हा भरतीला ते वर येतं आणि सुकतीला खाली जातं, मुंबईला मोठ्या उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो. दोर ताठ बांधून झोपलात तर पाणी उतरताना दोरावर सगळं जहाज लटकतं आणि दोर तुटतो, आणि तुटलेला जाड दोर चाबकासारखा मागे येतो, माणूस मारतो. म्हणून रात्रभर कुणीतरी दोर बघत असतं, सैल कर, ओढून घे. नांगराचं पण तसंच, पाणी १० मीटर खोल असेल तर साखळी ५० ते ७० मीटर सोडायची, तेव्हा ती तळावर आडवी पडून ओढ आडवी लागते आणि नांगर रुततो. कमी सोडलीत तर नांगर वर उचलला जातो आणि होडी वाहत जाते. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे प्रवाह थांबतो त्या वेळेलाही इंग्रजीत स्लॅक वॉटर म्हणतात, खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करायला तीच वेळ बरी.

पण पाटीवाल्यांसाठी खरी गोष्ट पुढे आहे. क्रेनवर "आरिया" ऐकलंय ना? माल खाली घ्यायचा असला की खालचा माणूस ओरडतो, "आरिया! आरिया!" तो खलाशांच्या बोलीतला शब्द, पोर्तुगीज अरियारवरून आलेला, आणि अरियार म्हणजे खाली सोडणे, दोर सैल सोडणे. म्हणजे स्लॅक देण्याचा शब्द तुमच्या क्रेनखाली आधीपासून आहे, बोर्डावर तेवढा नाही.

पाटीवाला

अंगावर काटा आला काका. आमच्याकडे दिवसातून शंभर वेळा आरिया ऐकू येतं, वर घ्यायला हाबेस म्हणतात. चारशे वर्षांचा शब्द आणि मी तिथेच उभा राहून डिक्शनरी बघत होतो.

मुंबईकर_४२

मला वाटतं सरळ "स्लॅक" लिहा देवनागरीत. कारखान्यात सगळ्यांना कळतं.

हुक_आणि_शॅकल

मी रिगर आहे, माल बांधून क्रेनच्या हुकाला अडकवणारा, १७ वर्षं. स्लॅक सुपरवायझरला कळतं. माझ्या गँगमधे चार जण बिहारचे, दोन ओडिशाचे, तीन आपले मराठवाड्यातले, त्यातल्या नवीन पोराला स्लॅक नाही कळत, झोल सगळ्यांना कळतो कारण हिंदीत पण झोलच. आम्ही म्हणतो "झोल काढ", आणि ऑपरेटरला "टाईटला घे आणि थांब". ढिलाई कुणीच म्हणत नाही साखळीला. ढिलाई शिवी आहे, मुकादम देतो ती.

आणि दादा, तुम्ही शब्दाच्या मागे लागलात ते बरोबरच आहे पण त्या पोराचं बोट शब्दाने वाचलं नसतं, क्रमाने वाचलं असतं. बोर्डवर झोल काढायच्या आधी हात काढा हे पाहिजे. साखळी धरायचीच असेल तर तळव्याने बाहेरून दाबून धरायची, बोटं गुंडाळून नाही, आणि झोल संपत आला की सोडून मागे यायचं. मी स्वतः पोरांना रिकाम्या हुकावर हे दहा वेळा करायला लावतो.

पाटीवाला

दादा, तुमचं शंभर टक्के पटलं. असं लिहिलंय, बघा:

बोटं साखळीतून काढा.
झोल हळू काढा.
साखळी ताणात आली की थांबा.
हुक आणि साखळी नीट बसली का बघा.
मागे या. मग हाबेस.

हुक_आणि_शॅकल

पहिली ओळ लाल करा आणि मोठी. हाबेस लिहिलंत ते छान. बाजूला हळू वर घ्यायची खूण काढा, एक हात वर फिरवतोय आणि दुसरा पंजा त्याच्यावर आडवा धरलेला. वाचता न येणारा पण तेवढं बघतो.

टीप_आणि_उलटी_टीप

ओळींच्या मधे जागा सोडा हो, अक्षरं चिकटवू नका. आणि बोर्डच्या खाली थोडी माया ठेवा, पुढे काही भर घालावी लागली तर नवीन बोर्ड नको.

पाटीवाला

ठेवतो ताई, चार बोटं जागा ठेवतो. तो पोरगा सोमवारी परत येतोय कामावर, पट्टी अजून आहे बोटाला. पेंटरला द्यायच्या आधी कागद त्याच्या हातात देणार आहे आणि वाचून काय कळलं ते विचारणार आहे. त्याने वेगळं काही सांगितलं तर पुन्हा इथे येतो.